दोन माणसांचं धुणं

बादलीतले निम्मे कपडे पिळून झाले होते. काकू मोरीत बसून पांढऱ्या शर्टाची कॉलर घासत होत्या आणि दारात स्टुलावर बसलेली पाहणीवाली बाई वहीत टिपणं काढत होती.

बाई वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीची. विचारायला गेलं की माणसं हटकून बरं दिसेल तेच सांगतात, म्हणून लोकांच्या घरी बसून नुसतं बघायचं, हे तिचं काम. एका घरात सोमवार ते शुक्रवार, पाच सकाळी. अट एकच, घरात निदान दोन माणसं हवीत. फोनवर काकू "आम्ही दोघंच असतो" असं म्हणून गेल्या. काकांना जाऊन चौदा महिने झाले होते, पण जिभेचं वळण काही जात नव्हतं. चूक लगेच ध्यानात आली. तोवर पलीकडून "मग सोमवारी येते" आलं, आणि दुरुस्ती राहूनच गेली.

सोमवारपासून कपाटातला काकांचा एकेक धुतलेला शर्ट रोज बादलीत पडत होता. स्टूल खालच्या शेजारणीचं. देताना ती म्हणालीच, तुमचं धुणं बघायला माणसं येतात, आमच्याकडे मीटर बघायलाही कोणी फिरकत नाही. काकू हसल्या होत्या. बाईचा आणि त्यांचा, असे चहाचे दोन कप रोज विसळायला मिळत होते. सकाळच्या प्रार्थनेला मात्र त्या देवाची नजर चुकवत.

आज गुरुवार. बाईचं पेन थांबलं.

"काकू, चार दिवस बघतेय. मळच नाही त्या कॉलरला. मग एवढी का घासता?"

शर्ट काकूंच्या हातून पाण्यात सुटला. फोनपासूनचं सगळं त्यांनी सांगून टाकलं, मान वर न करता. बाई रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने वही मिटली आणि हळूच सांगितलं, की हे घर आता कागदावर धरता येणार नाही, उद्या यायचं कारण उरलं नाही.

"एका माणसाचं धुणं नको का हो कंपनीला?"

"नको म्हणतात," बाई म्हणाली. वही पिशवीत टाकताना पुढे म्हणाली, "माझंही एकटीचंच असतं. रविवारी धुते, आठवड्याचं एकदम."

बादलीत चादर उरली होती. बाईने उठून तिचं एक टोक धरलं, दुसरं काकूंनी, आणि दोघींनी पीळ घालून घालून तिचं पाणी काढलं. मग बाई चपला घालून गेली.

काकूंनी शर्ट दोरीवर टाकला, कॉलर सरळ केली. दुसरा कप विसळून मागच्या फळीवर पालथा घातला. हात पुसले. शेजारणीचं स्टूल खाली नेऊन द्यायचं होतं.