माझ्या खोलीपुढची तुळस

तुमच्या खोलीत भाड्याने राहणारी बाई दारापुढे तुळस लावते, तेव्हा तुम्हाला भीती का वाटते?

मला वाटली होती. म्हणून विचारते.

त्या दिवशी मी निखिलबाबच्या अंगणात बसले होते. तो वर सोप्यावर, वेताच्या खुर्चीत. मला त्याने प्लास्टिकची खुर्ची अंगणात आणून दिली. एक पायरी खाली. "बस गे," म्हणाला. याच अंगणात माझे वडील उभे राहायचे. चपला फाटकाबाहेर काढून, हात मागे बांधून. मी खुर्चीत बसले आणि मनात म्हटलं, केवढं पुढे आलो आपण.

निखिलबाब आमच्या जुन्या भाटकाराचा पुतण्या. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक, आणि आम्ही त्याचे मुंडकार, त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारे. कौलं बदलायची तर त्याला विचारायचं. संडास बांधायचा तर त्याला विचारायचं. तो "बघूया" म्हणायचा आणि वर्षं जायची.

आता काळ बदललेला. निखिलबाबने डिचोलीच्या वाटेवर भाड्याच्या खोल्यांची लांब रांग बांधली होती. कारखान्यांत जाणारे, खाणीच्या ट्रकांवर चालणारे लोक तिथे राहायचे. त्या खोल्या सांभाळायला त्याला माणूस हवा होता. भाडेकरू शोधायचे, पोलीस ठाण्यावर त्यांची माहिती द्यायची, पाण्याचा पंप बघायचा. आणि अकरा महिने भरत आले की एका खोलीतलं कुटुंब उचलून दुसऱ्या खोलीत टाकायचं. कुणाचंही एका जागी बस्तान बसता कामा नये.

"तूं मुंडकाराची धूव," निखिलबाब म्हणाला. "दुसऱ्याचें घर आपल्या नांवार कशें करतात, तें तुमकां बरें खबर आसा. म्हणून तूंच म्हाका जाय."

मुंडकाराची मुलगी, म्हणून मीच त्याला हवी, असं तो हसत म्हणाला. शिवी देतोय असं त्याला वाटलंच नसावं. कौतुकच करत होता. गरीब माणूस कोणत्या वाटेने हक्क मागायला येतो हे मला ठाऊक, म्हणून ती वाट बुजवायला मी.

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. आणि मीही हसले. "करतां," म्हटलं. करते म्हटलं मी.

का म्हटलं तेही सांगते. हे काम मिळावं म्हणून मी फार दारं ठोठावली होती. वडील मामलेदाराच्या कचेरीत खेटे घालून म्हातारे झाले, आणि शेवटी घराखालची जमीन आमच्या नावावर झाली. ते गेले. मागच्या मोकळ्या जागेत मी पतसंस्थेचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, भाड्याने दिल्या. नळ गळला तर मी बघायची, फ्यूज उडाला तर मी बघायची. वाटलं, हे आपल्याला जमतं. दुसऱ्यांचीही घरं सांभाळू. पेडण्यात विमानतळ झाल्यापासून बाहेरच्यांचे फ्लॅटच फ्लॅट झाले होते, आणि ज्याच्या हातात चाव्या त्याला मान होता. मी पेडण्याला गेले. एका फ्लॅटमध्ये दलालाने मालकिणीला व्हिडिओवर माझं तोंड दाखवलं. ती म्हणाली, "अच्छा, मेड आ गई?" दलालाने तिची चूक सुधारली नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "आलीच आहेस तर बाल्कनी झाडून घे."

मी झाडली नाही. पण त्या दिवसापासून मला मालकांच्या बाजूला बसायचं होतं. कोणत्याही खुर्चीत. अंगणातल्यासुद्धा.

निखिलबाबने एकच अट घातली. "पयलीं तुजें घर नितळ कर. तुज्या भाडेकरणीन मुखार तुळस लायल्या म्हण आयकलां. आपली जागा राखूंक येना, ताका हांव म्हजी कशी दिवं? सोमारा येवन पळयतां."

जिला स्वतःची जागा राखता येत नाही, तिच्या हाती तो आपली कशी देणार? सोमवारी तो बघायला येणार होता. तोवर तुळस गेली पाहिजे.

सुरेखा मागच्या त्या दोन खोल्यांपैकी एकीत राहायची. दोडामार्गाकडची, सिंधुदुर्गातली. नवरा पाळी गावच्या खाणीवर खनिजाचा टिपर ट्रक चालवायचा. पहाटे निघायचा, तांबड्या धुळीने माखून परतायचा. खोलीत आली त्याच आठवड्यात तिने दारापुढची माती मोकळी केली आणि माहेरून आणलेलं रोप लावलं. रोज अंघोळ करून पाणी घालायची. उदबत्तीचा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मला आवडायचा. खरंच आवडायचा.

गोव्यात राहत नसाल तर म्हणाल, तुळशीचं एवढं काय? आमच्याकडे मुंडकाराच्या दाव्यात साक्षीदार उभे राहतात. हे कुटुंब इथे कधीपासून राहतं हे सांगताना ते दारातल्या तुळशीकडे बोट दाखवतात, तिच्या आईने लावली, तिच्या सासूने लावली असं म्हणतात. म्हणून भाटकार तुळशीला भितात. आता ती भीती खोल्या बांधणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात शिरली आहे. वास्तविक भाडं भरून राहणारा माणूस मुंडकार होत नाही. कायदा तसा नाहीच. हे मला पक्कं माहीत होतं. वडिलांनी मुंडकारांच्या हक्कांची पत्रकं वाटली आणि उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या पुस्तकांना घातली. मी वाचायला शिकले ती त्या गुलाबी कागदांवर. सुरेखाच्या तुळशीने माझं काहीच जाणार नव्हतं. तरीही मी गेले.

रविवार होता. ती कपडे वाळत घालत होती.

"सुरेखा, ही तुळस काढायची आहे."

"म्हणजे? मरताहा काय ती?"

"नाही. जमिनीत नको. मालकीचा प्रश्न येतो."

तिने हातातला कपडा दोरीवर टाकला. मग म्हणाली, "मगे कुंडीत लावतंय, ताई. पण आज नको. आज आयतवार. आयतवारी तुळशीक हात लावणत नाय. उद्या सकाळी पूजा करून काडतंय."

"उद्या माणूस बघायला येणार आहे. आजच."

"तर तुमी काडा," ती म्हणाली. भांडून नव्हे. खोली तुमची, जमीन तुमची, तुम्ही काढा, इतकंच.

मी रोपाजवळ वाकले. हात पुढे केला आणि मागे घेतला. रविवारी तुळस मीही कधी तोडली नव्हती. मग माझ्या तोंडातून निघालं, "तूच काढ."

हे शब्द माझे नव्हते.

मी लहान होते. आईने आमच्या दारात तुळस लावली होती आणि जुना भाटकार ती बघायला आला होता. त्याच्या स्वतःच्या अंगणात वृंदावन होतं, रोज पूजा व्हायची. आमच्यापुढे काठी टेकून तो आईला म्हणाला, "तुळस लायली म्हणून जमीन तुजी जाता?" वडील घरी नव्हते. त्याने काठीने रोप दाखवलं. "तूंच उपट. पाप म्हज्या माथ्यार नाका."

आईने उपटली. मी तिच्या पदराला धरून उभी होते. तिचे मातीचे हात माझ्या फ्रॉकला लागले. आपल्यावर अन्याय होतो म्हणजे नेमकं काय, हे मला पत्रकांच्या आधी त्या हातांनी सांगितलं.

आणि आता मी. तीच जमीन, फक्त मालक बदललेला.

सुरेखा खाली बसली. पदर डोक्यावर घेतला, रोपाला हात जोडले आणि खोड धरून ओढायला लागली. माती घट्ट होती. इतक्यात मागचं दार वाजलं. माझी आई बाहेर आली होती. तिला हल्ली गुडघ्यांनी बसता येत नाही. तरी ती बसली. सुरेखाचा हात बाजूला केला.

"अशी वडूं नाका गे. मुळां तुटतलीं. सर, हांव काडटां."

आईने बोटांनी भोवतालची माती हळूहळू उकरली, मुळासकट रोप उचललं आणि सुरेखाच्या ओंजळीत दिलं. रविवारचं पाप तिने स्वतःवर घेतलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. उठायला तिला आधार लागला. तो सुरेखाने दिला. मी तिथेच उभी होते, हात स्वच्छ.

माझ्या आईला आयुष्यात दोनदा तुळस उपटावी लागली. पहिल्यांदा भाटकारामुळे. दुसऱ्यांदा माझ्यामुळे.

एवढ्यावर मी शहाणी झाले असते तर बरं झालं असतं. झाले नाही. सोमवारी निखिलबाब आला तेव्हा मी केस विंचरून, चांगली साडी नेसून वाट बघत होते.

त्याने खड्डा पाहिला. खूश झाला. "हांगा सिमेंट घाल," म्हणाला. "मागीर कोणूच लायचो ना." खिशातून चाव्यांचा जुडगा काढून माझ्या हातावर ठेवला. सुरेखा दारात उभी होती, खिडकीत रोप, जुन्या पत्र्याच्या डब्यात. मान टाकलेलं. निखिलबाबने तिच्याकडे पाहिलं आणि थट्टेच्या सुरात म्हणाला, "तुजी मालकीण हुशार. हिच्या आवयक आमच्या काकान तिचीच तुळस उपटूंक शिकयलें. आतां ही तुका शिकयता."

म्हणजे त्यांच्या घरात ही गोष्ट सांगितली जात होती. जेवताना, हसत. मुंडकाराच्या बायकोला तिच्याच हातांनी तुळस कशी उपटायला लावली. आणि त्या गोष्टीत मला आता जागा मिळाली होती. काकाच्या नंतरची.

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. तिला आत्ता कळलं की मला हे माहीत होतं. ते काय असतं हे माहीत असून मी तिला सांगितलं होतं, तूच काढ.

मी जुडगा त्याच्यापुढे धरला.

"घे. हें काम म्हाका नाका."

"किदें जालें? मस्करी केली गे."

"म्हाका खबर आसा. चावयो घे."

तो घेईना. मी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. तो म्हणाला, "मागीर दारांत येवं नाका." मी म्हटलं, "येवचें ना." त्याचं दार मला कायमचं बंद झालं. त्यात शौर्य काही नव्हतं. रविवारी जे करायला हवं होतं ते मी सोमवारी केलं, आणि मधल्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी सुरेखाला म्हटलं, लाव परत, जिथे होती तिथेच. ती म्हणाली, "तुमचो राग नाय, ताई. पण आता थंय हात जाणा नाय."

महिना संपायच्या आत ती दोघं गेली. नवऱ्याला खाणीजवळच खोली मिळाली असं सांगितलं. खरं असेलही. टेम्पोत सामान चढवल्यावर ती माझ्या आईच्या पाया पडली. मला म्हणाली, "येतंय हां." डबा तिने मांडीवर घेतला होता. त्यातलं रोप जगलं की नाही, मला माहीत नाही. फोन करून विचारायचा हक्क मी गमावला आहे.

काहीजण म्हणतात, एवढं वाटतं तर खोल्या बंद कर. बंद करणार नाही. भाड्यावर माझं घर चालतं. आणि मी बंद केल्या तर राहायला जागा शोधणाऱ्याने जायचं कुठे? निखिलबाबकडेच. मी खोल्या देणार, दुसऱ्यांच्याही सांभाळणार. पण माणसाला अकरा महिन्यांनी उचलून टाकणाऱ्या मालकाचं काम घेणार नाही, मग तो भाटकार असो की मुंडकाराचा मुलगा. खोलीच्या बदल्यात मला भाडं मिळतं. राहणाऱ्याने दबून राहावं, हे त्या भाड्यात येत नाही. येतं असं मी मानलं होतं. ते पुन्हा मानणार नाही, आणि कुणी माझ्यासमोर मानलं तर गप्प बसणार नाही.

तुमचीही एखादी खोली असेल. तिचा करारही असेल, कपाटात कुठेतरी. तो आज बाहेर काढा आणि आपल्या आईसमोर बसून मोठ्याने वाचा. आई नसेल तर ज्या बाईने तुम्हाला वाढवलं तिला आठवून वाचा. एखाद्या अटीशी तुमचा आवाज बारीक होईल. ती अट खोडा, सही करा, आणि तो कागद स्वतः नेऊन भाडेकरूच्या हातात द्या.