टेबलाची खालची बाजू

"वरून कितीही चमकवा, उलटं केल्यावर वस्तूनं खरं बोललं पाहिजे," असं बाबा एकदा म्हणाले होते. तेव्हा ती त्यांच्या गॅलरीत फतकल मारून बसली होती आणि तिच्या नखांत लाकडाचा भुसा अडकला होता.

मीटरचे आकडे टिपायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाबा जुन्या फर्निचरच्या नादी लागले. भंगारवाल्याकडून मोडकी वस्तू उचलायची, भोकांत लांबी भरायची, घासायची, जुन्या बनियनच्या बोळ्यानं पॉलिश चढवायचं. खालची बाजू मात्र तशीच. तिथे आधीच्या मालकानं नंबर घातलेला असला, तरी तो ठेवायचा आणि शेजारी पेन्सिलीनं काम कुणी केलं ते लिहायचं. आयुष्यभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे वाचलेला माणूस. लिहिलेलं खोडणं त्याच्या जिवावर यायचं.

तिच्या घरचं जेवणाचं टेबल असंच झालं. दुकानातलं परवडत नव्हतं. तीन रविवार माहेरी जाऊन तिनंच ते घासलं. बाबांनी खाली लिहिलं, 'पॉलिश मी. घासकाम लेक. हात माझ्यापेक्षा बरा.'

टेबल घरी आलं तेव्हा सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला. "गुळगुळीत आहे गं. कुठून घेतलं?"

"बाबांनी शोरूममधून आणलं, आई." तिच्या तोंडून निघून गेलं. नंतर ते परत घ्यायला तोंड उघडेना.

चार महिन्यांत एक पाय डुगडुगू लागला. "शोरूमला फोन कर, गॅरंटी असेल," सासूबाई दर जेवणाला म्हणत. ती दर जेवणाला पावती शोधायचं कबूल करी.

एका रविवारी बाबा आले. कप ठेवताच चहा बशीत हिंदकळला. बाबांचे डोळे चमकले.

"पाय ढिला झालाय. जावईबापू, धरा तिकडून."

"राहू दे ना बाबा, दुरुस्तीवाला माणूस येणार आहे."

"माणूस आलाय की!" बाबा हसले. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि जावयासह टेबल उलटं केलं.

पांढऱ्या रंगातली अक्षरं ठसठशीत होती. 'रुग्णालय. बाह्यरुग्ण विभाग. नग ९.'

"अगं बाई!" सासूबाई उठल्याच. "शोरूमचं ना हे? दवाखान्याच्या टेबलावर जेवतोय आपण?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. या टेबलाबाबत शोरूम हा शब्द ते पहिल्यांदाच ऐकत होते.

अजून सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

"मला काय माहीत, आई," ती म्हणाली. "बाबांनी मला नवं म्हणूनच दिलं."

तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. बाबा आता बोलतील, बोलायलाच हवेत, असं तिला वाटलं. जावई चष्मा सावरत पुढे वाकला. "शेजारी पेन्सिलीनं काय लिहिलंय?"

बाबांचा तळवा त्या अक्षरांवर पडला. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातला पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि ती ओळ घासायला लागले. नगाचा नंबर त्यांनी तसाच राहू दिला.

"आता काय घासताय, व्याही?" सासूबाईंचा आवाज चढला. "आता घासून काय उपयोग?"

ती बघत होती. आधी 'हात' गेला. मग 'लेक' गेली. थोडी पिवळट भुकटी लाकडावर जमली, ती बाबांनी तळहातानं पॉलिश पेपरवर गोळा करून पुडी केली.

मग त्यांनी पायाचा स्क्रू आवळला. टेबल सरळ केलं, कोपरा दाबून पाहिला. डुगडुग थांबली होती. भुकटीची पुडी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि चपला घालून ते जिना उतरून गेले.