पसंत पडलेला पट्टा

वहिनींना माणसं पारखता येत नाहीत असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. शिवणकाम करणारी बाई. कापड चिमटीत धरलं की ते किती टिकेल ते सांगायची, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ते किती छळेल तेही. दीर वहिनी म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणायला लागली.

सासूबाईंचे पाय गेले तेव्हा त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवता बसवता वहिनींच्या कमरेचा पार भुगा झाला. मग त्यांनी एक पट्टा शिवला. जाड, रुंद, आजाऱ्याच्या कमरेला आवळायचा, दोन्ही बाजूंना मुठी. मुठी धरून उचललं की माणूस अलगद उठायचं. गल्लीत ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं होतं ते सगळे पट्टा मागायला आले, आणि वहिनी शिवून देत गेल्या. शेवटी एका वृद्धाश्रमानं एवढे मागितले की एका मशीनवर ते होणंच शक्य नव्हतं. कारखान्याकडून करून घ्यायचं ठरलं. पण कुणाकडून? पट्ट्यानं दगा दिला की म्हातारं माणूस खाली आपटणार. या धास्तीनं वहिनींची झोप उडाली.

दीर त्यांना स्कूटरवरून घेऊन फिरला. पहिल्या कारखान्यातल्या मालकाचं नाव त्यांनी तिथल्या तिथेच ‘खडूस’ ठेवलं. त्यानं या बसा म्हटलं नाही. पट्टा उलटा केला, मुठीपाशी नखानं टोकरलं आणि म्हणाला, “ही शिलाई आडवी, एका रेषेत घातलीय. कॅलेंडरचं पान फाटतं तसा पट्टा इथून फाटेल. चौकोन घालून आत फुली मारावी लागेल. असाच हवा असेल तर मी करणार नाही.”

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्म मशीनवर घालवला, आणि हा उपटसुंभ मला टाका शिकवणार! पट्टा ओढून घेऊन त्या तडक बाहेर पडल्या.

दुसरा मालक म्हणजे नुसता गोडबोल्या. त्यानं पंखा लावला, चहा मागवला आणि शिलाईचं असं काही कौतुक केलं की वहिनी हरभऱ्याच्या झाडावर चढल्या त्या उतरल्याच नाहीत. कारखाना दाखवा म्हटल्यावर आत रंगकाम चाललंय म्हणाला, तेही त्यांना पटलं. दिरानं डोळे मोठे केले, पण त्याला विचारतंय कोण? आपला सगळ्यात पहिला, रोजच्या वापरातला पट्टा नमुन्यासाठी त्याच्यापाशी ठेवून त्या खुशीत घरी आल्या.

त्याच्याकडून तयार होऊन आलेला पट्टा बघून तर त्या हरखूनच गेल्या. वर काळं चकचकीत कापड, आणि मुठीची शिलाई हुबेहूब त्यांच्यासारखी. याला म्हणतात हात, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं आणि गोडबोल्याला होकार कळवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पट्टा सासूबाईंना बांधून त्यांनी उचललं आणि टर्रकन आवाज झाला. एक मूठ वहिनींच्या हातात राहिली आणि सासूबाई पलंगाच्या कडेवरून खाली घसरल्या. नशीब, उशी मध्ये आली, मनगट मुरगळण्यावर निभावलं. त्यांना वर घेताना वहिनींच्या तोंडानं गोडबोल्याचा उद्धार चालला होता. मग त्यांनी फाटलेल्या जागी बोट घातलं. काळ्या कापडाखालून निळ्या चौकटीचं कापड बाहेर आलं.

ते त्यांच्या लेकीच्या शाळेच्या फ्रॉकचं होतं. पहिल्या पट्ट्यात त्यांनीच ते भरलं होतं.

मेल्यानं काहीच शिवलं नव्हतं. त्यांच्याच पट्ट्याला वरून गवसणी घालून त्यांनाच दाखवलं होतं, आणि आपण काय त्याची आरती ओवाळली! दिरानं फोन लावून खडसावलं, तर तो शांतपणे म्हणाला, “वहिनींना पसंत पडला ना? मग तक्रार कसली?”

दीर तावातावानं पोलिसात जायच्या गोष्टी करू लागला. वहिनींना मात्र ते ऐकूच येत नव्हतं. तुटलेली मूठ त्यांनी डोळ्यांजवळ नेली होती. भोकं एका रेषेत, आडवी. गोडबोल्यानं इथे हातसुद्धा लावला नव्हता. फाटली होती ती वहिनींची शिलाई. गल्लीतल्या सगळ्या घरांत त्यांनी दिलेले पट्टे होते.

“माझं मी बघते, तू जा,” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्यांच्या घरी आंघोळीची वेळ झालीय.”

वहिनी चप्पल न घालताच धावल्या. शेजारच्या घरात शिक्षकांच्या बायकोनं नवऱ्याच्या कमरेला पट्टा आवळला होता आणि दोन्ही मुठी धरल्या होत्या. वहिनी दारातूनच ओरडल्या, उचलू नकोस. धापा टाकत पुढे होऊन त्यांनी पट्टा सोडायला घेतला, तर तिनं हात धरला.

“अहो, हा कशाला नेताय? बाजारातला आणू या म्हणाले होते हे, मीच आणू दिला नाही. तुमच्या हातचा आहे म्हणून तर बिनघोर उचलते मी यांना.”

वहिनींनी पट्टा सोडवून छातीशी धरला.

“माझ्या हातचा आहे, म्हणूनच नेतेय,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे धावल्या.