एवेलियो भावोजींची जुनी आवृत्ती

सोमवार, ३ जुलै. संत पेत्र आणि पौलाची सुट्टी, २९ जूनवरून ढकललेली.

माझे दीर एवेलियो पेरेइरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात अठरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळतात. एवढ्या वर्षांत त्यांनी काही पुसलेलं मी पाहिलं नाही. जेवलेली बशीसुद्धा नाही.

नोकरीला लागताच त्यांनी सुट्ट्या मोजणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, लिहिली. दवाखान्यातले सगळे प्रोग्राम तिलाच विचारतात, आज सुट्टी का? आपल्याकडे कोलंबियात संतांची सुट्टी पुढच्या सोमवारी ढकलतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भावोजींनी ती सणाच्या तारखेलाच ठेवली. पुढे दुरुस्त आवृत्ती आली, शस्त्रक्रिया विभाग तिच्यावर गेला. पण जुनी काढली तर चूक कोणाची ते उघड होणार, म्हणून रुग्णांना तारखा देणारा प्रोग्राम त्यांनी जुनीवरच ठेवला. दोन्ही शेजारी शेजारी. नोंदणीच्या खिडकीवरची नुबिया दर सणाला तारखा हाताने बदलायची. मार्चात ती निवृत्त झाली.

आज सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची पाळी होती, सात महिने वाट पाहून आलेली. मी भावोजींना विचारलं होतं, "सोमवारी सुट्टी ना?"

"वहिनी, कॉम्प्युटरने दिलेली तारीख आहे ती."

सासूबाई उपाशीपोटी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. दाराला कुलूप. पहारेकरी म्हणाला, "आजी, सण आहे. चर्चमध्ये मिस्सेला जा."

दुपारी भावोजी आमच्याकडे आरेपा, मक्याची जाड भाकरी, खायला हजर.

"आई, दोन्ही आवृत्त्या आपापल्या जागी व्यवस्थित चालतायत."

"मग माझा डोळा कुठल्या आवृत्तीत आहे?"

त्यांनी आरेप्यावर आणखी चीज घेतलं. "जुनी काढता येत नाही. मी तिसरी लिहितोय, दोघींचं जुळवून देणारी."

"जुनी काढ रे. चूक तुझी आहे हे मला केव्हापासून ठाऊक आहे. नुबिया मिस्सेला माझ्याच शेजारी बसते."

त्यांचे कान लाल झाले. तरी काढतो म्हणाले नाहीत. फोनवर खुडबुड करून ऐटीत सांगितलं, "घे, नवी तारीख. एकवीस ऑगस्ट, सोमवार. नशीब बघ, अख्खा दिवस रिकामा होता."

मी भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मारियामातेच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, एकवीस तारखेला ढकललेली.

सासूबाईंना ते धड दिसत नव्हतं, पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं असावं. शाल खांद्यावर घेत म्हणाल्या, "चल गं, नुबियाकडे. तारीख तिच्याकडूनच घेऊ."

भावोजींनी विचारलं, आणखी आरेपा आहे का.