बुडवलेली बाई

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. जिला सांगायला हवं होतं तिलाही नाही — आणि ती आता राहिली नाही. आज सांगते आहे, कारण आतल्या खोलीत माझी भाची पुस्तक वाचत बसली आहे आणि मला भीती वाटते आहे. पुस्तकाची भीती — तुम्हाला हसू येईल. पण पान उलटल्याचा आवाज आला की मी उरलेली पानं मोजते.

मी लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या हा माझा विषय. त्यांतल्या बायका मला तोंडपाठ आहेत. एक समईसारखी — तेवत राहणारी, स्वतःसाठी काही न मागणारी. तिला शेवटी घर, नवरा, मान, सगळं मिळतं. दुसरी उंबरा ओलांडणारी. तिचं काय होतं? तापानं जाते, बर्फात सापडते, नदीत उडी घेते. वर्गात मी सांगत आले — मुलींनो, या बायका आपल्या मरणानं मेल्या नाहीत, लेखकांनी मारल्या. जिवंत ठेवल्या असत्या तर ते वाचणाऱ्या घरांना सोसलं नसतं. हे सांगताना माझा आवाज चढायचा. मुली लिहून घ्यायच्या.

आणि घरी?

मंदा माझी धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच तिचा नवरा वारला आणि ती भोकरला वडिलांकडे परत आली. शिकली दहावीपर्यंतच, पण गोष्टींची तिला भारी हौस. श्रावणात ती माझ्याकडे राहायला यायची. आमच्यात शुक्रवारची कहाणी मुठीत तांदळाचे दाणे धरून ऐकतात. कहाणी सुफळ झाली की दाणे देवापुढे वाहायचे. देवीची कहाणी संपली तरी मंदा मूठ उघडायची नाही. "आता तुझी सायबाची कहाणी सांग, आक्का."

मी सांगायचे. दर शुक्रवारी थोडी थोडी, दुपारची जेवणं झाल्यावर. माझ्यासाठी ती गंमत होती. पण मुठीत दाणे धरून ऐकलेलं तिच्यासाठी नुसतं ऐकणं कसं असेल? कहाणीतल्या बाईला जे फळ मिळालं, तसं केल्यावर आपल्यालाही तेच मिळतं — हे ऐकतच आम्ही दोघी वाढलो होतो. मला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्या वर्षीच्या कादंबरीत एका पाद्र्याची विधवा सून होती. गावच्या शाळामास्तरावर तिचा जीव जडतो. मंदा डोळे मिटून ऐकायची. मग एका दुपारी तिनं सांगितलं — भोकरच्या शाळेत एक गुरुजी आहेत. बौद्ध आहेत. त्यांनी विचारलंय.

"म्या अजून हाव म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "तुझी बाई काय करती ते बघते आधी."

मी हसले — नुसतं वरवर. माझी नोकरी सासऱ्यांच्या मर्जीवर टांगलेली होती. "एका घरच्या पोरी सारख्याच निघतात," हे ते येताजाता म्हणायचे. मंदा गुरुजींबरोबर गेली असती तर माझी कॉलेजची पर्स कायमची खुंटीला लागली असती. बहिणीच्या संसाराची काळजी वाटली, वडिलांच्या मानाची वाटली, असं लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. मला भीती वाटली माझा वर्ग सुटेल याची — जिथं उभी राहून मी त्या बायकांबद्दल बोलायचे, तो वर्ग.

पुस्तक खरं कसं संपतं? ती सून मास्तराबरोबर निघून जाते. समुद्राकाठच्या एका गावात दोघं शाळा काढतात. शेवटच्या पानावर ती सकाळी खिडकी उघडते आणि खाली पोरं पाढे म्हणत असतात. त्या काळच्या पुस्तकांत असा शेवट क्वचितच सापडतो. म्हणून तर ते मला आवडायचं.

शेवटच्या शुक्रवारी मी तिला नदीत बुडवली.

सगळं नीट रचून सांगितलं. मास्तरानं वाऱ्यावर सोडलं, गावानं दारं लावली, नदीला पूर आला, पाण्यावर नुसती शाल तरंगत राहिली. ती शाल मी दुसऱ्याच एका पुस्तकातून उचलली. सांगताना माझा आवाज चढला होता — वर्गात चढतो तसाच. मंदा उठली, आणि मुठीतले दाणे देवापुढे न वाहता तांदळाच्या डब्यात परत टाकले.

गुरुजींना तिनं नाही म्हटलं. पुढे त्यांची बदली झाली. मंदा भावाच्या घरी राहिली, त्याची लेकरं तिनं वाढवली. मी मात्र भीत राहिले — कुणी तिला खरा शेवट सांगितला तर? अभ्यासक्रमाच्या बैठकीत त्या पुस्तकाचं नाव निघालं की मी म्हणायचे, आपल्या मुलींना ते झेपणार नाही.

यंदा मंदा नांदेडला दवाखान्यात होती. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते.

"आक्का," ती म्हणाली, "त्या सायबाच्या बाईला पवता येत न्हवतं का गं?"

तेव्हा तरी खरं सांगायचं? खोलीत आम्ही दोघीच होतो. सासरे कधीच गेले होते. मला कोण काय म्हणणार होतं?

मी म्हणाले, "नाही."

"शिकाया पाहिजे होतं तिनं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूचे केस विंचरता यावेत म्हणून तिनं मान वळवली. तिला कळलं होतं का? कधीपासून? ती गेल्यापासून मी हेच विचारते आहे, आणि उत्तर मिळेल याचीही मला भीती वाटते.

भावाची मुलगी मेघा माझ्याकडे राहून बी. ए. करते. यंदा तेच पुस्तक अभ्यासाला लागलं. बैठकीत माझं कुणी ऐकलं नाही. काल ती म्हणाली, "मोठ्या आत्या, ही तर मंदाआत्या सांगायची तीच गोष्ट. शेवट ठाऊकच हाय मला. बुडती ती."

मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही. "वाच तू," एवढंच म्हणाले.

दुपारपासून ती वाचते आहे. मघापर्यंत पानं उलटत होती. आता आवाज थांबला आहे.

"मोठ्या आत्या," तिनं हाक मारली.

पुन्हा मारली. मी उठते आहे.