दानाची रास, आत्याची रास

आरमोरीला आमचं चार एकर धानाचं शेत होतं, आणि ते आमचं नव्हतं. आजोबांनी मरायच्या आधी त्याचा ट्रस्ट करून टाकला होता. पीक निघालं की खळ्यावर दोन सारख्या राशी घालायच्या. एक गावातल्या मुलींच्या वसतिगृहाला आणि दुसरी माझ्या आत्याला, ती जिवंत असेपर्यंत. तिच्यामागे सगळंच वसतिगृहाचं. आजोबांना लहानपणी शाळेच्या आत बसू दिलं नव्हतं, आणि आत्याला नवऱ्यानं टाकलं होतं. दोन्हींची सोय त्यांनी एकाच शेतातून लावली.

कारभार बाबांकडे आला. बाबा पोस्टमन, आणि प्रामाणिकपणाच्या बाबतीत अगदी डोकं उठवणारा माणूस. ट्रस्टच्या कागदाचं पान त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये बसवून घेतलं आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगलं. ते त्यांना तोंडपाठ होतं. खळ्यावर दोन राशी झाल्या की वसतिगृहाच्या अध्यक्षांना बोलवायचे आणि त्यांनाच आधी रास निवडायला लावायचे. इथपर्यंत ठीक. पण बियाणं, नांगरणी, धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बायांची मजुरी, सगळं निघायचं ते आत्याच्या राशीतून. दानाच्या राशीतला दाणा उचलायचा नाही, हा त्यांचा नियम. हा नियम त्यांनी कुठून काढला कोण जाणे! पोत्यांवर पोती निघून जायची आणि आत्याकडे जेमतेम चार-पाच उरायची. मग ती बापाच्या शेताला मालकीण म्हणून जायच्या ऐवजी लोकांच्या धानाच्या बांध्यांमध्ये, चिखलात उभी राहून रोवणीला जायची. कधी बोलली नाही. मीच चिडायचे. बाबा म्हणायचे, कागदात लिहिलं आहे तसं करतो, आणि विषय संपायचा.

नव्वदचं दशक संपता संपता बाबा गेले. कागदाप्रमाणे कारभार त्यांच्या थोरल्या अपत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. मी तेव्हा शाळेत मास्तरीण होते. त्याच पावसाळ्यात आत्या लोकांच्या बांधीत पाय घसरून पडली. साठी उलटलेली बाई, गुडघा सुजून भोपळ्यासारखा. डॉक्टरांनी सांगितलं, आता चिखलात उभं राहायचं नाही. म्हणजे खायचं काय? मी तिला माझ्याकडे राहायला बोलावलं, तर म्हणाली, पोटासाठी भाचीच्या दारात बसायची पाळी नको. दुसरा उपाय एकच होता, खर्च दोन्ही राशींतून काढायचा. मी अध्यक्षांकडे गेले. माणूस भला होता, पण म्हणाला, "बाई, पोरींच्या तोंडचं आहे. कागदात दाखवा, मग पाहू." मनातून मी हादरले होते. उद्या गावानं म्हणायचं, मास्तरीण दानाचं खाऊन राह्यली.

फ्रेमची झेरॉक्स काढता येईना, म्हणून भिंतीवरून ती काढली, पिशवीत घातली आणि एसटीनं गडचिरोलीला वकिलाकडे गेले. त्यानं वाचलं, काच उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यावर सह्या कुठी आहेत?"

घ्या! वीस वर्षं ज्या कागदाला आम्ही अगरबत्ती लावली, त्याच्यावर सही नव्हती, आणि पोस्टमनच्या लक्षात आलं नाही, मास्तरणीच्याही नाही. वकिलानं पेचकसानं मागची पट्टी काढली. आत पुठ्ठ्याला चिकटून दुसरं पान. हरवू नये म्हणून बाबांनीच आत सारलं असणार, आणि मग भिंतीवर दिसायचं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. ओलीनं त्याचा एक कोपरा पुठ्ठ्यातच राहिला, माझा जीव टांगणीला लागला, पण अक्षरं शाबूत होती. वकिलानं मोठ्यानं वाचलं. वरील वाटणी करण्याआधी शेतीचा सगळा खर्च एकूण राशीतून काढावा. माझ्या मुलीला वर्षभर पुरत नसेल तर आधी तिचं पुरं करावं, मग वसतिगृहाचं. खाली आजोबांचा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

मी तिथंच खुर्चीत ढसाढसा रडले. वकिलानं चहा मागवला. इतकं हलकं मला बाबा गेल्यापासून वाटलं नव्हतं, आणि त्याच वेळी बाबांचा असा राग आला की ते समोर असते तर भांडण झालं असतं.

अध्यक्षांनी पान दोनदा वाचलं. आमाले तरी काय माहीत होतं, म्हणाले, आणि लगेच मान्य केलं. मला वाटतं, त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं. आत्याला मी घरी जाऊन वाचून दाखवलं. 'आधी तिचं पुरं करावं' एवढीच ओळ तिनं मला परत वाचायला लावली, मग आणखी एकदा. "म्हणजे माया बापानं मले आधी धरलं होतं," ती म्हणाली. "मी समजून होती, पहिले त्या पोरी, मंग मी." वीस वर्षं ती हे मनात घेऊन लोकांच्या चिखलात उभी होती, आणि मला वाटत होतं की तिला फक्त धान कमी पडतं.

त्या साली खळ्यावर आधी खर्च निघाला, मग राशी झाल्या. वसतिगृहाला थोडी पोती कमी गेली, पण मुली उपाशी राहिल्या नाहीत. आत्याच्या घरात पोती भिंतीला लागली.

पुढच्या आषाढात रोवणीच्या बाया नेहमीप्रमाणे तिला हाक मारायला आल्या. आत्या खाटेवरून उठली नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "मी नाई येत. माया बापानं मले बसून खायले ठेवलं आहे."