कोऱ्या कागदावरचे पंच

नोकरीत शेकडो गुन्हे तपासले, त्यातले बरेचसे विसरलो. हा मात्र विसरू म्हटले तरी विसरत नाही. यातला गुन्हेगार मीच पकडला होता आणि सुटला तोही माझ्यामुळेच.

बीड जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचे प्रेत शिवारात सापडले. डोक्यात जड वस्तूचा घाव. मागे बायको आणि दोन लेकी. खांदा द्यायला त्याचा धंद्यातला भागीदार सगळ्यांत पुढे. असे पुढे पुढे करणारे मी खूप पाहिलेत, पण नुसत्या संशयावर कोणाला अटक करता येत नाही.

वडवणीच्या बाजारात फळे विकणारे एक चाचा आमचे जुने खबरी. त्यांनी कानावर घातले, "साहेब, त्या भागीदारानं नवा पाना घेतला. कारागीर मानूस हत्यार लेकरावानी जपतो. जुना कुठं गेला, इचारा तरी."

भागीदाराला बोलावले. बराच वेळ तो 'मला काय ठाव नाय' हाच पाढा म्हणत राहिला. मी हात उचलला नाही. ठाण्याची पाण्याची मोटार बंद होती, ती दुरुस्त करायला सांगितली. त्याने पिशवीतून कोरा पाना काढला.

"जुना कुठाय बे?"

"झिजला व्हता साहेब, टाकून देला."

"कुठं?"

"पुलाखाली..." म्हणाला आणि जीभ चावली. मग सगळेच बाहेर आले. कारागीर वेगळे दुकान टाकणार होता, त्या रागात याने घाव घातला होता.

आरोपी हत्यार दाखवायला तयार झाला की त्याचे निवेदन दोन पंचांसमोर लिहायचे आणि त्यांना सोबत नेऊनच जप्ती करायची, हा नियम. दिवस बाजाराचा. कोणी यायला तयार होईना. कोर्टाच्या चकरा कोणाला हव्यात? ठाण्यासमोरचा चहावाला आणि त्याचा भाऊ आमचे नेहमीचे पंच. त्यांच्या सह्यांचे कोरे कागद कपाटात पडलेलेच असत. हवालदार म्हणाला, "कागद हायेत की साहेब. कावून थांबायचं?" मी मान डोलावली. पाना खरोखर कपिलधारच्या रस्त्यावरच्या पुलाखाली निघाला, रक्ताच्या डागांसकट. निघाला तेव्हा आरोपीसोबत तिथे फक्त आम्ही पोलीस होतो.

उलटतपासणीत चहावाला बोलून गेला, "त्या दिशी आमी दोघं भाऊ पुतनीच्या साखरपुड्याला सिरसाळ्याला गेलतो." सत्र न्यायालयाने तिकडे काणाडोळा करून जन्मठेप दिली. अपिलात उच्च न्यायालयाने काणाडोळा केला नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही आणि पान्याशिवाय भक्कम पुरावा नव्हता. आरोपी निर्दोष सुटला.

तोवर मी निवृत्त झालो होतो. कारागिराची बायको निकालाची प्रत घेऊन घरी आली. "इंग्रजीत हाय. तुमीच वाचा, मराठीत सांगा." मी वाचत गेलो, सांगत गेलो. तपास अधिकाऱ्याने बनावट पंचनामा केला, हे वाक्यही सांगितले. तो अधिकारी मीच, हे तिला ठाऊक होते.

"पाना तुमाला खरंच घावला व्हता ना?"

"हो."

"मंग खोटं कावून लिवलं?"

"पंच मिळेनात. मी थांबलो नाही."

"थांबला असता तर किती येळ गेला असता?"

"तास, दोन तास."

तिने निकालाच्या प्रतीची घडी घातली. "त्यो आता आमच्याच गल्लीत दुकान टाकून बसलाय. माझी धाकटी रोज त्याच्यासमोरून शाळंला जाती." पुढे ठेवलेला चहा तसाच टाकून ती उठली.

माझे जुने सहकारी कोर्टाला नावे ठेवतात. मला तो खोटेपणा जमत नाही. न्यायाधीशांनी समोरचा कागद तपासला आणि तो कागद खोटा होता. खरा गुन्हेगार हाती असला की कागद कसाही चालतो, या मस्तीत आम्ही नोकऱ्या काढल्या. नवे अधिकारी म्हणतात, आता जप्तीचे मोबाईलवर चित्रीकरण होते. होऊ दे. पण घाई झाली की मोबाईल खिशात ठेवणाराही पोलीसच असतो.

त्या दिवशी ती फाटकापाशी जाईपर्यंत मी दारात उभा होतो. जन्मभर दुसऱ्यांकडून कबुली घेतली, पण तिची माफी मागायला माझी जीभ उचलली नाही.